ठाणेदारणीचा तेरावा भाग

पऱ्हाटी फुटली की मला चैन पडत नाही. तशी मी जन्मात कधी कापूस वेचायला गेले नाही. मास्तरीण होते, आयुष्यभर खडू खाल्ला. पण कार्तिक लागला, पुलगावच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसणारं ते वावर पांढरं झालं आणि कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या बाया सकाळच्या उन्हात ओळीओळीनं पुढे सरकायला लागल्या, की तव्यावरची पोळी करपते. कापसाची गाडी गेली की रस्त्याकडेच्या बाभळीला पुंजके अडकून राहतात. ते बघून कुणाला लक्ष्मी आठवत असेल. मला एक हिंदी मालिका आठवते. हसा खुशाल.

मालिका पोलिसांची होती. दर गुरुवारी संध्याकाळी साडेआठला लागायची, तेरा आठवडे चालली आणि संपली. तिचं खरं नाव काय होतं ते नाचणगावात कुणी घेतलं नाही. त्यात एक बाई ठाणेदार होती, म्हणून सगळे म्हणायचे 'ठाणेदारीन'. 'आज ठाणेदारीन हाये ना बाई?' असं विचारत लोक माझ्या दाराशी यायचे. त्या तेरा आठवड्यांत मला आयुष्यात मिळाली नव्हती तेवढी माणसं मिळाली, आणि तेरावा भाग संपल्यावर माझी एकुलती एक मैत्रीण गेली. गेली म्हणजे मीच घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच माझ्याबद्दल चांगलं मत व्हायला नको.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. लग्न झालं नव्हतं, आणि आता होईल असं घरच्यांनाही वाटत नव्हतं. नाचणगावच्या शाळेत बदली झाली आणि वासुदेवराव म्हणून एक भाजीपाला करणारे शेतकरी होते, त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. दिवस शाळेत जायचा. संध्याकाळ जात नसे. पुलगावच्या मिलचा भोंगा व्हायचा, गुरं परत यायची, घराघरांतून फोडणीचा वास यायचा, आणि मी एका माणसाचा भात टाकून तो शिजेपर्यंत भिंतीकडे बघत बसायची. एका माणसाचा भात फार लवकर शिजतो. त्या संध्याकाळींना कंटाळून मी टीव्ही घेतला. आमच्या आळीत पहिला. भाऊ वर्ध्याहून म्हणाला, 'एकटीला कशाला?' एकटीला म्हणूनच, हे त्याला काय सांगणार.

अँटेना बांबूला बांधून कवेलूंच्या छपरावर चढवला तो कुंदानं. कुंदा वासुदेवरावांची धाकटी बहीण, माझ्याच वयाची. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. साडीचा काचा मारून ती शिडीवरून सरसर वर गेली आणि बांबू फिरवत वरून ओरडायला लागली, 'दिसते काय?' मी खालून सांगायची, 'मुंग्या दिसतात.' ती अजून फिरवायची. 'आता?' 'आता मुंग्या अन् माणूस, दोन्ही.' शेवटी माणूस जिंकला. ती खाली आली, पदरानं तोंड पुसलं आणि पडद्यावरच्या बातम्या देणाऱ्या बाईकडे बघून म्हणाली, 'हे बाई आपल्याकडंच पाहून राह्यली.' त्या दिवसापासून कुंदा माझी झाली. एवढ्या सोप्या रीतीनं कुणी माझं झालं नव्हतं, आणि पुढेही झालं नाही.

गुरुवारी माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. वेचणीहून आलेल्या बाया घाईघाईनं भाकरी थापून यायच्या. त्यांच्या केसांत, बाह्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे, आणि खोलीभर वाळलेल्या पऱ्हाटीचा, घामाचा, तंबाखूचा वास भरून राहायचा. मला तो वास आवडायचा. लोक गेल्यावर मी दार लगेच उघडत नसे. एकुलत्या एका खुर्चीवर हवालदारकाका बसायचे. ते खरेखुरे हवालदार, नोकरी संपवून गावी आलेले. बाकी सगळे चटईवर. आणि अगदी उंबऱ्यावर, आत नाही, बाहेर नाही, अशी शेवंता बसायची. ती वासुदेवरावांच्याच वावरात वेचायला यायची. तिचा नवरा महादेव त्या पावसाळ्यात मेला होता. मी तिला चटईवर ये म्हणायची, तर ती नुसती मान हलवायची आणि तिथंच बसायची.

मालिकेची गोष्ट अशी होती. एका लहानशा शहरात ही बाई ठाणेदार म्हणून येते. आईबाप नाहीत, थोरल्या भावानं वाढवलेली, शिकवलेली. भावाचे ट्रक असतात. एका ट्रकखाली रस्त्यावरचा एक गरीब माणूस मरतो आणि गुन्हा ड्रायव्हरच्या नावावर लागतो. ठाणेदारीन शोधत शोधत जाते, आणि सातव्या का आठव्या भागात तिला कळतं की त्या वेळी गाडी भाऊच चालवत होता. तसा एक कागद तिच्या हाती लागतो. आता तो कागद वर पाठवायचा की फाडायचा? पुढचे पाच आठवडे नाचणगावात दुसरा विषय नव्हता.

मिलमध्ये काम करणारा दिगांबर भावाच्या बाजूचा. 'ज्या भावानं हातावरच्या फोडासारखी वाढोली, त्याच्याच हातात बेड्या घालन काय ते?' तो म्हणायचा. 'असी बहीण कोनाले नको.'

हवालदारकाका खुर्चीवरून पुढे झुकायचे. त्यांना कथेपेक्षा शिस्तीची काळजी. ठाणेदारणीनं टोपी काखेत धरली की ते अस्वस्थ व्हायचे, आणि स्टेशन डायरीत तिनं पेन्सिलीनं लिहिलं तेव्हा तर उठून उभेच राहिले होते. 'वर्दी आंगावर चढली ना दिगांबर,' ते म्हणायचे, 'मंग भाऊ-बहीण घरी ठेवून याचं. नाई जमत तं वर्दी खुटीले टांगाची. दोन्ही नाई होत.'

आणि मी? मी तर ठाणेदारणीची वकीलच झाले होते. वर्गात बोलायचा आवाज लावून मी सांगायची, की न्याय म्हणजे न्याय, त्यात सख्खं-सावत्र नसतं, आणि ती बाई कागद वर पाठवणार म्हणजे पाठवणारच. लोक ऐकायचे. कुणी तरी माझं ऐकतंय, उलट बोलतंय, माझ्यावर चिडतंय, घरी जाताना दारात थांबून पुन्हा एक मुद्दा काढतंय, याची मला नशा चढली होती. मालिका अर्ध्या तासाची, वाद दीड तासाचा. खरं सांगायचं तर मी त्या वादासाठीच आठवडा काढायची. मालिका संपली की ही माणसं यायची थांबतील, हा विचार मनात आला की मी अजून जोरात बोलायची.

कुंदा वादात फारशी पडत नसे. एकदाच बोलली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, 'पन बाई, तिनं सांगून टाकलं तं ते राहीन कुठं?'

'तिला सरकारी क्वार्टर आहे की,' मी म्हणाले.

सगळे हसले. कुंदाही हसली. इतकं हजरजबाबी बोलल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. भिंतीपलीकडे वासुदेवराव बाजेवर पडलेले असायचे. ते मालिका बघायला कधीच आले नाहीत, पण पातळ भिंतीतून त्यांचं खाकरणं ऐकू यायचं.

आता खरी गोष्ट सांगते, जी तेव्हा मला अर्धीच माहीत होती. महादेव मेला तो वासुदेवरावांच्या भाजीच्या वावरात. गावात सांगितलं गेलं ते असं, की तो वांगी चोरायला शिरला, अंधारात मोटरीच्या वायरीला हात लागला आणि गेला. पंचनामा तसाच झाला. पंच म्हणून आळीतल्याच माणसांनी सह्या केल्या. माझ्या तिसरीच्या वर्गात शेवंताची मुलगी होती, तिला पोरं 'वांगेचोराची' म्हणायची. मी दोघांना पट्टी मारली, पण ते नाव गेलं नाही. कसं जाणार? मोठी माणसंही तेच म्हणत होती, फक्त हळू आवाजात.

त्याच हंगामाच्या सुरुवातीला कुंदा मला सीतादहीला घेऊन गेली होती. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, पहिल्या बोंडांवर तो शिंपडतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. दिवस थंड होता. उन्हात दह्याचा आंबट वास, बोंडांच्या वाळक्या टरफलांचं बोटांना टोचणं, आणि कुंदाच्या हातातला तो दहीभाताचा पितळी गंज, सगळं मला आत्ताही दिसतं. परत येताना भाजीच्या वावरातून पायवाट होती. सगळं गाव तिथून ये-जा करायचं. कुंदा त्या वाटेशी थांबली आणि धुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, लांबचा वळसा घालून निघाली. काट्याकुट्यातून. मी विचारलं, 'काऊन गं?' तिची बोली माझ्या तोंडात बसली होती तोवर. ती म्हणाली, 'तिथं मले पाय टाकवत नाई बाई.' मला वाटलं, साप दिसला असेल कधी. मी पुढे विचारलं नाही. मुलांना शंका विचारा म्हणून सांगणारी मी.

रानडुकरं भाजी उकरतात म्हणून वासुदेवरावांनी वावराभोवती उघडी तार ओढून तिच्यात करंट सोडला होता. तार पायवाटेवरून गेली होती. महादेव आपला वाटेनं घरी चालला होता. पहाटे कुंदानं पाहिलं, की तिचा दादा ती तार गुंडाळतो आहे, आणि मग दोन वांगी तोडून मेलेल्या माणसाच्या धोतराच्या सोग्यात ठेवतो आहे. हे सगळं कुंदाच्या पोटात होतं, आणि ती दर गुरुवारी त्याच खोलीत, शेवंतापासून चार हातांवर बसून ठाणेदारणीकडे बघत होती. मी मात्र दोघींच्या मध्ये उभी राहून न्यायावर भाषण देत होते.

बारावा भाग संपला तेव्हा ठाणेदारीन भावासमोर उभी होती. हातात कागद, टेबलावर जळती मेणबत्ती. तिथंच थांबवलं. सगळी खोली एकदम बोलायला लागली. पुढचा आठवडाभर विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या फाटकाशी लोक मला गाठून विचारायचे, 'काय बाई, जाळते का देते?' मी छातीला हात लावून सांगायची, 'देते.' दिगांबरनं तर सगळ्यांसमोर म्हटलं, की तिनं दिला तर पुढचं वर्षभर तो मला बाई नाही, न्यायाधीशसाहेब म्हणेल.

आणि नेमक्या त्या गुरुवारी मला वर्ध्याला जावं लागलं. भाचीला बघायला पाहुणे येणार होते, भावाचा निरोप आला. खोलीची किल्ली कुंदाकडे देऊन मी निघाले. दुपारनंतर आभाळ आलं, वारा सुटला, अवकाळी गारा पडल्या. वेचणीत गारा म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पुलगावकडे लाईन गेल्याचं वर्ध्यालाच कळलं. म्हणजे नाचणगावात कुणालाच शेवट दिसणार नव्हता. मला तेव्हा कापसाचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते असं, की आता शेवट माझ्या एकटीकडे असणार.

भावाच्या घरी पाहुणे गेल्यावर मी टीव्हीसमोर बसले. ठाणेदारणीनं कागद मेणबत्तीवर धरला. तो पूर्ण जळेपर्यंत कॅमेरा हलला नाही. मग तिनं टोपी टेबलावर ठेवली आणि भावाच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी निघाली. संपलं. वहिनी म्हणाली, 'बरं झालं बाई, भावाला सांभाळलं.' मला इतका राग आला की मी न जेवता झोपले. इतके आठवडे मी जिच्या बाजूनं भांडले, तिनं मला तोंडघशी पाडलं होतं. दिगांबरचा चेहरा दिसायला लागला. हवालदारकाकांचं 'मी म्हनलंच होतं' ऐकू यायला लागलं. काका तर माझ्याच बाजूचे होते, पण रागात माणसाला काहीही ऐकू येतं.

शुक्रवारी दुपारी पुलगावला उतरून मी नाचणगावला चालत निघाले, तेव्हा मी काय सांगणार हे माझं ठरलेलं नव्हतं. अगदी खरं सांगते. वासुदेवरावांच्या छपरीत सगळे जमले होते. कुंदा हौदावर मेथीच्या जुड्या धुवत होती. शेवंता कमरेची ओटी न सोडता उभी होती. दिगांबर लांबूनच म्हणाला, 'काय बाई, जाळला ना?' त्याच्या त्या हसण्यानं सगळं झालं.

'दिला,' मी म्हणाले.

'खोटं.'

'डोळ्यांनी पाहिलं मी. मेणबत्ती फुंकून विझवली आणि स्टेशन डायरीत स्वतःच्या हातानं भावाचं नाव लिहिलं.'

'शाईनं?' हवालदारकाकांनी विचारलं.

'शाईनं.'

'वर्दी उतरोली?'

'नाही.'

'मंग बरोबर हाये,' काका म्हणाले आणि समाधानानं मांडीवर हात ठेवले. दिगांबरनं हात जोडून मला 'न्यायाधीशसाहेब' म्हटलं. लोक हसले. मला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तेवढ्यात कुंदानं मेथीची जुडी पाण्यातच धरून विचारलं, 'अन् भाऊ काय म्हनला?'

हे मी ठरवलंच नव्हतं. पण एकदा खोटं सांगायला लागलं की जीभ आपली आपण चालते. मी म्हणाले, 'तिचा हात थांबला होता गं. तर भाऊच म्हणाला, लिही. तूच लिही. दुसऱ्यानं लिहिलं तर मला जास्त लागेल.'

दिगांबरनं जोडलेले हात हळूच खाली घेतले. मी इतकं चांगलं खोटं बोलले होते की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कुंदा त्या मेथीकडे बघत राहिली, मग तिनं ती झटकून टोपल्यात ठेवली.

आजही मी मनानं पुन्हा पुन्हा तिथं जाते. ठाणेदारणीनं नाव लिहिलं, एवढं सांगून मी गप्प बसले असते तर कदाचित चाललं असतं. कुंदाला धीर आला तो त्यानं नाही. बहीण सांगेल की नाही हा तिचा प्रश्नच नव्हता. सांगितल्यावर भाऊ काय म्हणेल, हा होता. आणि त्याचं उत्तर मी तिला दिलं, वाद जिंकायच्या भरात, मनानं रचून.

रविवारी सकाळी वासुदेवराव चहा पीत बसले असताना ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. हे मला मागाहून हवालदारकाकांनी सांगितलं. ती म्हणाली, 'दादा, महादेवचं खरं सांगून टाकते मी. पन तुमीच मले सांग म्हना.' वासुदेवरावांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. चहा संपवला, कप पालथा घातला आणि म्हणाले, 'आजपासून तुह्या हातचं पानी नाई पेनार मी.'

तरी ती गेली. काका तिला सायकलवर डबलसीट घेऊन ठाण्यात गेले आणि तिनं जबानी दिली. मग पोलीस आले, तार सापडली, वासुदेवरावांना नेलं, सोडलं, पुन्हा बोलावलं. तारखा पडत राहिल्या. पुढे त्याचं काय झालं ते मला नीट माहीत नाही, आणि मी माहीत करून घेतलंही नाही. एक मात्र झालं. शेवंताच्या मुलीला वर्गात कुणी तसं म्हणेनासं झालं. माझ्या पट्टीनं जे झालं नव्हतं, ते झालं. हे आठवलं की थोडा वेळ बरं वाटतं. फार वेळ नाही.

मंगळवारी शाळा सुटून मी आले, तर कुंदा माझ्या दाराशी पत्र्याची पेटी घेऊन बसलेली. म्हणाली, 'दोन दिवस राहू काय बाई? मंग सिंदीले मावशीकडे जाईन. तिले निरोप धाडला हाये.' वासुदेवराव अंगणात होते. माझ्याकडे न बघता ते बैलाला म्हटल्यासारखं म्हणाले, 'खोली मास्तरनीले देल्ली हाये. धर्मशाळा नाई काढली.'

मी काय म्हणायला हवं होतं हे तिसरीतलं पोरही सांगेल. मी म्हणाले, 'कुंदा, शाळेत तपासणी आहे गं या आठवड्यात. मला रात्रंदिवस वह्या बघायच्या आहेत.' तपासणी वगैरे काही नव्हती. दुसरी खोली कुठं मिळणार, एकट्या बाईला कोण देणार, बदली करून आडगावी टाकलं तर, असलं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. कुंदा म्हणाली, 'बरं.' एवढंच. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. हवालदारकाकांनी पेटी सायकलला बांधली आणि दोघं पुलगावच्या स्टेशनाकडे चालत निघाले. मी फाटकापर्यंतही गेले नाही. आत जाऊन खरंच वह्या काढल्या आणि तपासत बसले.

त्या गुरुवारी टीव्हीवर नवीन काही तरी लागलं, विनोदी. कुणी आलं नाही. वासुदेवरावांच्या अंगणातून यायला लोकांना अवघड वाटत असेल, किंवा ठाणेदारीनच संपली होती. मी चटया अंथरून ठेवल्या होत्या. साडेआठपासून नऊपर्यंत त्या मालिकेतली माणसं एकटीच हसत होती. पुढच्या गुरुवारी मी चटया अंथरल्या नाहीत. वेचणी उलगली, संपली, पऱ्हाट्या उपटून चुलीपाशी रचल्या गेल्या, ऊन तापायला लागलं. मी पुन्हा एका माणसाचा भात करायला लागले.

आता टीव्हीवर एवढ्या मालिका आहेत की रिमोट दाबून अंगठा दुखतो. पोलिसांच्याच दहा असतील. समोरच्या घरातली सून कानात तार घालून मोबाईलवर बघते, तिचा नवरा दुसऱ्या खोलीत दुसरं काही बघतो. परवा मी तिला विचारलं, 'त्या इन्स्पेक्टरनं शेवटी बरोबर केलं का गं?' ती म्हणाली, 'काकू, मी तो पार्ट पळवला.' बोलणं तिथंच संपलं. माझ्या ठाणेदारणीचा शेवट मात्र पळवता येत नाही. ती मालिका पुन्हा कधी दाखवली नाही. नाचणगावच्या जुन्या माणसांना विचाराल तर ती आजही सांगतील, की तिनं भावाचं नाव शाईनं लिहिलं. खरा शेवट मला एकटीला माहीत आहे.

कुंदा गेली त्यानंतर चार वर्षांनी सिंदीला शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न निघालं. पुन्हा वेचणीचेच दिवस. स्टेशनाबाहेर कापसाच्या बंड्या एकामागे एक उभ्या होत्या, बैल सोडून जुवाशी बांधलेले, गाडीवान बंड्यांखाली पंगत करून भाकरी खात बसलेले. मी लग्नात अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता कुंदाचं घर विचारत निघाले. मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, तुला मी राहू दिलं नाही, त्याची माफी. दुसरी, तो शेवट खोटा होता.

मावशी वारली होती. घराच्या मागच्या एका खोलीत कुंदा राहत होती. दारापुढे वाफे करून पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळे लावले होते. ती खुरपत होती. मला बघून उठली, हात झटकले, खाट बाहेर काढली. 'बसा न बाई,' म्हणाली. केस पुष्कळ पिकले होते. हात तेच होते. आम्ही बराच वेळ भाजीबद्दल बोललो. सिंदीच्या बाजारात काय खपतं, पालकाला किडा कसा पडतो. मग मी म्हणाले, 'कुंदा, ती ठाणेदारीन आठवते का?'

तिचा चेहरा एकदम उजळला. 'मले तं भाऊ आठवते,' ती म्हणाली.

'कोणता भाऊ?'

'तिचा. लिही म्हननारा. माहा दादा नाई म्हनला तसं. पन मी रोज त्याची याद करते बाई. म्हनते, एक भाऊ तरी तसा हाये. टीव्हीत दाखोला म्हनजे कुठंतरी असनच ना.'

मी खाटेची सुंभाची दोरी बोटानं चाचपत राहिले. त्या भावाला मी नाचणगावच्या छपरीत उभ्या उभ्या जन्माला घातलं होतं, आणि ही चार वर्षं त्याच्या आधारानं जगत होती. तिचं घर मी एकदा नेलं होतं. आता हा भाऊ नेऊ?

कुंदा खुरपं हातात फिरवत काही तरी आठवत होती. मग म्हणाली, 'एक गोष्ट तेव्हा विचाराची राहून गेली. तिनं नाव लिहलं, भावाले नेलं. मंग ते क्वार्टरात गेली असन ना, एकटी. मंग तिच्याकडे कोनी आलं काय? दाखोलं होतं?'

मी तिच्याकडे पाहिलं. टोमणा असता तर मला कळला असता. पण ती खरंच विचारत होती, 'ते राहीन कुठं' असं त्या गुरुवारी विचारलं होतं तशीच. मला काहीही सांगता आलं असतं. शेजारची एक बाई आली, दाराशी बसली, दोघींनी चहा घेतला. इतकं सोपं होतं, आणि तिनं ते मानलंही असतं.

'नाही,' मी म्हणाले. 'कोणी आलं नाही.'

कुंदानं मान हलवली. 'चूक केली त्याईनं,' ती म्हणाली. 'एखादी तरी बाई दाखवाले पाह्यजे होती.'

मग माझ्या चहाला दूध आणायला ती शेजारी गेली.